लॅटिनो समाज आणि सार्वजनिक धोरण: विद्यार्थ्यांच्या संशोधन अनुदानांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या विद्यापीठांत समाजशास्त्र, नगररचना, सार्वजनिक आरोग्य, शिक्षण किंवा पब्लिक पॉलिसी शिकणारे मराठी विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. विद्यार्थ्यांचे अर्ज वाचणं आणि ते सुधारायला मदत करणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे काही उत्तरांत माझं मत उघड दिसेल. हवा तो प्रश्न थेट वाचा. दुसऱ्या उत्तराची गरज लागेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. हे अनुदान म्हणजे नेमकं काय? स्कॉलरशिपपेक्षा वेगळं काय असतं त्यात?

स्कॉलरशिप तुमच्या शिक्षणासाठी असते, हे अनुदान एका ठरावीक संशोधनासाठी. फी भरायला ते सहसा चालत नाही. प्रवास, दुभाषी, मुलाखती ऐकून उतरवून घेणं, सहभागी लोकांचं मानधन, असा खर्च त्यातून करायचा. विद्यापीठांतल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या लोकांच्या, अभ्यास केंद्रांची विद्यार्थी-अनुदानं काही शे डॉलरपासून काही हजारांपर्यंत असतात. पीएच.डी.च्या फील्डवर्कसाठी बाहेरच्या संस्था जास्त देतात. रक्कम छोटी म्हणून अर्ज टाळू नका. पहिलं छोटं अनुदान नीट पूर्ण केलेलं असलं की पुढच्या मोठ्या अर्जात त्याचं वजन पडतं.

२. मी लॅटिनो नाही, मराठी आहे. मला अर्ज करता येईल का?

बहुतेक संशोधन अनुदानांत अट विषयाची असते, अर्जदाराच्या वंशाची नसते. त्यामुळे हो. मात्र "हे काम तुम्हीच का करावं?" हा प्रश्न समितीच्या मनात येतोच आणि प्रपोजलमध्ये त्याचं उत्तर नसेल तर अर्ज मागे पडतो. "मीसुद्धा स्थलांतरित आहे" हे पुरेसं उत्तर नाही. एच-१बीवर आलेल्या इंजिनियरचं घर आणि कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोजवळच्या द्राक्षमळ्यात तोडणी करणाऱ्या बाईचं घर यांत फार अंतर आहे आणि समितीतल्या लोकांना ते चांगलं ठाऊक असतं. त्याऐवजी ठोस लिहा: स्पॅनिश किती येतं, कुठल्या संस्थेत किती काळ काम केलं, तिथलं कोण तुमच्याबद्दल पत्र देईल.

भारतीय आणि मेक्सिकन माणसांचं नातं या देशात नवं नाही, हेही जाता जाता सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल व्हॅलीत शेती करायला आलेल्या अनेक पंजाबी पुरुषांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्नं केली. १९१३ चा परकीयांवरचा जमीन कायदा आणि भारतीयांना नागरिकत्व नाकारणारा १९२३ चा थिंड निकाल, दोन्हींचा फटका या कुटुंबांना बसला. धोरण घरात कसं शिरतं, हे पाहायला इतकं जवळचं उदाहरण आपल्याला सापडणार नाही.

३. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असताना हे पैसे घेता येतात का?

घेता येतात. संशोधन अनुदान म्हणजे पगार नव्हे. पण पात्रतेची ओळ काळजीपूर्वक वाचा. "अमेरिकी विद्यापीठात प्रवेश घेतलेला विद्यार्थी" असं लिहिलं असेल तर तुम्ही पात्र. "नागरिक किंवा कायमस्वरूपी रहिवासी" असं असेल तर नाही. नॅशनल सायन्स फाउंडेशनची, म्हणजे एनएसएफची, ग्रॅज्युएट रिसर्च फेलोशिप या दुसऱ्या प्रकारात मोडते. त्याच एनएसएफच्या प्रबंध सुधारणा अनुदानाला विद्यार्थ्याच्या नागरिकत्वाची अट नाही. तो अर्ज विद्यापीठामार्फत जातो आणि कागदोपत्री मुख्य संशोधक तुमचे गाईड असतात. वेनर-ग्रेन फाउंडेशनचं प्रबंध फील्डवर्क अनुदान मानववंशशास्त्रासाठी आहे. ते कुठल्याही देशाच्या विद्यार्थ्याला खुलं आहे आणि त्याची कमाल मर्यादा २५,००० डॉलर आहे.

एका ठिकाणी मात्र थांबा. ज्या स्थानिक संस्थेबरोबर तुम्ही संशोधन करताय तीच तुम्हाला तासांवर पैसे देऊ लागली, तर ती नोकरी ठरते. त्यासाठी आधी सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची, परवानगी लागते. "थोडेच पैसे आहेत" हे कारण इमिग्रेशनपुढे चालत नाही.

४. अशी अनुदानं कोण देतं? शोधायची कुठे?

सुरुवात स्वतःच्या विद्यापीठापासून करा. लॅटिनो किंवा चिकानो (मेक्सिकन-अमेरिकन) अभ्यास केंद्र, पब्लिक पॉलिसी स्कूल, ग्रॅज्युएट डिव्हिजन आणि तुमचा स्वतःचा विभाग, चारही ठिकाणी वेगवेगळे छोटे निधी असतात आणि त्यांची माहिती एका जागी क्वचितच मिळते.

ही केंद्रं कशी उभी राहिली ते माहीत असलं की त्यांना काय हवंय तेही कळतं. यूसीएलएचं चिकानो स्टडीज रिसर्च सेंटर १९६९ चं, न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजमधलं प्युर्टो रिकन अभ्यास केंद्र १९७३ चं. दोन्हींच्या मागे विद्यार्थ्यांचं आणि वस्त्यांमधल्या लोकांचं आंदोलन होतं. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातली गॅस्टन इन्स्टिट्यूट तर राज्याच्या विधिमंडळानेच १९८९ मध्ये स्थापन केली आणि तिच्या पूर्ण नावातच लॅटिनो समाजाचा विकास आणि सार्वजनिक धोरण हे दोन्ही आहेत. त्याच वर्षी मिशिगन स्टेटमध्ये ज्युलियन समोरा इन्स्टिट्यूट सुरू झाली. नोत्र दामची लॅटिनो अभ्यास संस्था १९९९ ची. अशा केंद्रांना जोडणारा आंतरविद्यापीठीय लॅटिनो संशोधन कार्यक्रम १९८३ पासून आहे. तुमचं विद्यापीठ त्याचं सभासद आहे का, हे पाहून घ्या.

इंटरनेटवर फिरणाऱ्या जुन्या याद्यांवर विसंबू नका. फोर्ड फाउंडेशनच्या फेलोशिप त्यांत अजून दिसतात, पण तो कार्यक्रम आता नवे विद्यार्थी घेत नाही.

५. "लॅटिनो समाज" यात नेमकं कोण कोण येतं? ब्राझीलचे लोक येतात का?

अर्जात तुम्ही कोणाबद्दल बोलताय ते तुम्हीच सांगायचं असतं, आणि जितकं नेमकं सांगाल तितकं चांगलं. २०२० च्या जनगणनेत ६ कोटी २१ लाख लोकांनी, म्हणजे १८.७ टक्के लोकसंख्येने, आपण हिस्पॅनिक किंवा लॅटिनो असल्याचं नोंदवलं. त्यात टेक्सासात सात पिढ्या राहिलेलं कुटुंब आहे आणि मागच्या वर्षी होंडुरासहून आलेला मुलगाही आहे. मायामीतले क्युबन, न्यूयॉर्कचे डॉमिनिकन आणि लॉस एंजेलिसचे साल्वाडोरन यांचा सरकारशी येणारा संबंध एकसारखा नाही. प्युर्टो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकी नागरिक आहेत, त्यामुळे व्हिसाचा किंवा देशाबाहेर काढलं जाण्याचा प्रश्न त्यांना लागू होत नाही.

ब्राझीलचं उत्तर दोन भागांत आहे. जनगणनेची व्याख्या स्पॅनिश संस्कृतीशी बांधलेली असल्यामुळे ब्राझिलियन त्यात धरले जात नाहीत. अनेक अभ्यास केंद्रं मात्र त्यांना लॅटिनोंत धरतात. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमच्या ब्राझिलियन वस्तीवर काम करायचं असेल तर अर्ज जरूर करा, पण सरकारी आकडे वापरताना ही अडचण पहिल्या पानावरच सांगा. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने वंश आणि हिस्पॅनिक मूळ यांचे दोन प्रश्न एकत्र करण्याचा नियम काढला. त्यामुळे पुढचे आकडे मागच्यांशी थेट जुळवताना जपून.

६. माझा विषय "धोरण" यात बसतो का, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त अर्ज इथेच बाद होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समाजाचं वर्णन म्हणजे धोरणाचा अभ्यास नव्हे. तुमच्या प्रश्नामागे एखादा निर्णय असला पाहिजे: कोणता निर्णय, तो कोणतं ऑफिस घेतं, कधी घेतं, आणि तुम्ही गोळा केलेली माहिती त्या टेबलावर ठेवली तर काय बदलू शकतं. त्या ऑफिसचं नाव लिहिता येत नसेल तर प्रश्न अजून तयार झालेला नाही.

उदाहरण घेऊ. "सलिनास खोऱ्यातल्या शेतमजुरांचं आरोग्य" असा विषय येतो. विषय महत्त्वाचा आहे, पण यात निर्णय कुठे आहे? आता हाच विषय आत आत नेऊ. उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये उष्णतेचा नियम आणला. ८० अंश फॅरनहाइटच्या वर, म्हणजे साधारण २७ सेल्सिअसला, सावलीची सोय हवी. माणशी दर तासाला एक क्वार्ट, म्हणजे साधारण एक लिटर, पाणी हवं. पारा ९५ फॅरनहाइटवर, म्हणजे ३५ सेल्सिअसवर गेला की शेतीत दर दोन तासांना किमान दहा मिनिटांची विश्रांती सक्तीची. पण ज्याची मजुरी पेटीवर किंवा वजनावर ठरते, तो माणूस सावलीत बसेल का? बसला तर पेट्या कमी भरतात. हे लक्षात घेऊन २०१६ पासून लागू झालेल्या राज्य कायद्याने अशा मजुरांच्या विश्रांतीचे पैसे वेगळे द्यायला सांगितलं आहे.

आता प्रश्न असा होतो: पेटीवर काम करणाऱ्या मजुरांच्या पगाराच्या चिठ्ठीवर विश्रांतीचे पैसे वेगळे दिसतात का, आणि ज्यांना ते दिसतात ते जास्त वेळा सावलीत जातात का? याचं उत्तर कोणाच्या कामाचं आहे? राज्याच्या कामगार आयुक्तांच्या आणि कॅल-ओशाच्या, म्हणजे कामाच्या जागेची सुरक्षितता पाहणाऱ्या राज्याच्या विभागाच्या. पगाराची चिठ्ठी हातात घेऊन पाहता येते, मोजता येते. विद्यार्थ्याला एका उन्हाळ्यात करता येईल एवढंच हे काम आहे आणि त्यातून एखाद्या माणसाचा जीव वाचू शकतो. असा अर्ज वाचताना समितीला ओळ पुन्हा वाचावी लागत नाही.

निर्णय वॉशिंग्टनमध्येच होतात असं समजू नका. शाळेत दुभाषिक वर्ग असावेत का, हे कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९८ मध्ये एका बाजूने आणि २०१६ मध्ये दुसऱ्या बाजूने ठरवलं, पण तुमच्या गावातल्या शाळेत तो वर्ग खरोखर सुरू करायचा की नाही हे तिथलं स्कूल बोर्ड ठरवतं.

७. प्रपोजलमध्ये काय काय लागतं? आणि गाईडचं पत्र कधी मागायचं?

साधारण तीन ते पाच पानं: प्रश्न, आधी झालेलं काम, पद्धत, वेळापत्रक, बजेट. पहिल्या परिच्छेदातच प्रश्न आला पाहिजे. पत्र मुदतीच्या किमान महिनाभर आधी मागा आणि सोबत प्रपोजलचा कच्चा मसुदा पाठवा. मसुदा न वाचता लिहिलेलं पत्र लगेच ओळखू येतं.

८. बजेटमध्ये काय टाकायचं आणि काय टाळायचं?

प्रत्येक रकमेपुढे हिशेब दाखवा: किती फेऱ्या, किती मैल, किती मुलाखती, तासाला किती. लॅपटॉप, फी आणि आधीच झालेला खर्च सहसा नाकारला जातो. परिषदेच्या प्रवासाला वेगळा निधी असतो.

माझा आग्रह एका गोष्टीचा आहे. समाजातल्या माणसांचं काम फुकट धरू नका. तुम्हाला दहा घरांत घेऊन जाणारी "प्रोमोतोरा", म्हणजे वस्तीतली आरोग्य कार्यकर्ती, तिचा आख्खा आठवडा तुम्हाला देते. ज्या संस्थेच्या खोलीत तुम्ही मुलाखती घेता, तिचं भाडं आणि वीजबिल कोणीतरी भरतंच. या ओळी बजेटमध्ये दिसल्या की अर्जदाराला फील्डवर्क म्हणजे काय ते कळलंय, हे वाचणाऱ्याला समजतं. निष्कर्षांचा स्पॅनिश सारांश छापून वाटायचे पैसेही इथेच धरा.

९. मुलाखत देणाऱ्यांना पैसे द्यायचे तर अकाउंट्स ऑफिस त्यांची नावं आणि सोशल सिक्युरिटी नंबर मागतं. काय करू?

ही अडचण खरी आहे आणि आयत्या वेळी कळली तर काम अडतं. अनेक विद्यापीठांत छोट्या रकमेच्या गिफ्ट कार्डसाठी नावाऐवजी संकेतांक लिहिलेली नोंदवही चालते: "सहभागी १४, तारीख, रक्कम, संशोधकाची सही" एवढंच. पण ही मुभा आधी लेखी मागावी लागते आणि आयआरबीच्या, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीच्या, अर्जातही तसंच लिहावं लागतं (प्रश्न १०). माणशी रक्कम विद्यापीठाने ठरवलेल्या मर्यादेच्या खाली ठेवा. कोणाचाही सोशल सिक्युरिटी नंबर स्वतःच्या वहीत लिहून घेऊ नका.

१०. आयआरबीची मंजुरी आधी घ्यायची की अनुदान मिळाल्यावर?

अर्ज करताना मंजुरी हातात असण्याची सक्ती बहुतेक ठिकाणी नसते, पण ती आल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. त्यामुळे दोन्ही अर्ज एकाच वेळी तयार करा. सीआयटीआयचं (CITI) संशोधन-नीतीचं ऑनलाइन प्रशिक्षण आधीच उरकून घ्या. कमी जोखमीच्या मुलाखतींना पूर्ण समितीपुढे जावं लागत नाही. जावं लागलंच, तर अनेक विद्यापीठांत ती बैठक महिन्यातून एकदाच असते आणि एक बैठक चुकली की उन्हाळा हातचा जातो.

"मी फक्त मौखिक इतिहास नोंदवतोय, मग आयआरबी कशाला?" असंही विचारलं जातं. व्यक्तीची कहाणी जशीच्या तशी नोंदवणाऱ्या मौखिक इतिहासाला सध्याच्या केंद्रीय नियमांत सूट आहे. पण अनेक मुलाखतींवरून धोरणाबद्दल सर्वसाधारण निष्कर्ष काढायचा असेल तर ती सूट लागू होत नाही. आणि सूट आहे की नाही हे तुम्ही स्वतः ठरवायचं नसतं, आयआरबी ठरवते.

११. कागदपत्रं नसलेल्या लोकांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. त्यांना माझ्यामुळे धोका होणार नाही ना?

हा प्रश्न तुम्हाला पडला, याचा मला आनंद आहे. पहिला नियम: जी माहिती लागत नाही ती विचारूच नका. धोरणाचे बहुतेक प्रश्न माणसाचा इमिग्रेशन दर्जा न विचारता सोडवता येतात. कोणी आपणहून सांगितलं तर उतरवून घेताना तो भाग वगळा.

दुसरं, सहीचं संमतिपत्र. त्या माणसाला तुमच्या संशोधनाशी जोडणारा एकमेव कागद म्हणजे ती सही असेल आणि मुख्य धोका ओळख उघड होण्याचाच असेल, तर आयआरबी सहीची अट माफ करू शकते. तोंडी संमती चालते. ही सवलत मागून घ्यावी लागते, ती आपोआप मिळत नाही.

तिसरं, गोपनीयतेचं प्रमाणपत्र. राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजे एनआयएच, ते देते. ते असलं की कोर्टाच्या आदेशानेही सहभागींची ओळख तुमच्याकडून सक्तीने काढून घेता येत नाही. स्वतः एनआयएचचा निधी नसलेल्यांनाही संवेदनशील आरोग्यविषयक संशोधनासाठी त्याचा अर्ज करता येतो.

बाकी रोजची शिस्त: रेकॉर्डिंग फोनवर ठेवू नका, फोन आपोआप क्लाउडवर टाकतो. गावाचं नाव, मालकाचं नाव, मुलाची शाळा हे सगळं एकत्र आलं की माणूस ओळखू येतो, नाव नसलं तरी. मुलाखतीला जाताना लोकांचे पत्ते गाडीच्या नॅव्हिगेशनमध्ये साठवून ठेवू नका.

१२. मला स्पॅनिश जेमतेम येतं. तरी चालेल?

मुलाखतींवर उभं असलेलं काम असेल तर दुभाषी हवा आणि त्याचे पैसे बजेटमध्ये हवेत. वस्तीतल्याच कोणाला दुभाषी घेताना विचार करा. पगाराबद्दल किंवा नवऱ्याबद्दल शेजारणीसमोर कोणी मोकळं बोलत नाही.

ज्यांना उत्तम स्पॅनिश येतं त्यांच्यासाठी वेगळी सूचना. कॅलिफोर्नियाच्या शेतांत ओआहाकाहून आलेले हजारो लोक मिश्तेको, सापोतेको किंवा त्रिकी बोलतात. ओकलंडमध्ये ग्वाटेमालाचे माम बोलणारे लोक मोठ्या संख्येने आहेत. त्यांतल्या अनेकांना स्पॅनिश अर्धवटच येतं आणि ते संकोचाने "सी, सी" म्हणत राहतात. दवाखान्यात, शाळेत, कोर्टात स्पॅनिश दुभाषी दिला की काम झालं असं यंत्रणा मानते. माझ्या मते सध्या विद्यार्थ्यांनी हात घालावा असा हा सगळ्यात मोलाचा विषय आहे, कारण इथे निर्णय स्थानिक आहे आणि माहिती फारच कमी.

१३. मुलाखती न घेता फक्त आकडेवारीवर काम केलं तर अनुदान मिळेल का?

मिळेल. मिनेसोटा विद्यापीठाच्या आयपम्सवर जनगणना आणि अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेच्या वैयक्तिक नोंदी मोफत मिळतात. दोन खड्डे माहीत असू द्या. एक, हा सर्व्हे नागरिकत्व विचारतो, इमिग्रेशन दर्जा विचारत नाही. "कागदपत्रं नसलेले इतके" असा आकडा त्यातून थेट निघत नाही, तो अंदाजच असतो. दोन, लहान गावांसाठी एका वर्षाचे आकडे मिळतच नाहीत. ६५,००० पेक्षा कमी लोकसंख्या असेल तर पाच वर्षांची सरासरी घ्यावी लागते.

शिवाय २०२० च्या जनगणनेत हिस्पॅनिक लोक ४.९९ टक्के कमी मोजले गेले, असं जनगणना ब्युरोच्याच तपासणीत आढळलं. २०१० मध्ये हे प्रमाण १.५४ टक्के होतं. ज्या निधीचं वाटप लोकसंख्येवर ठरतं, त्यात ही माणसं दिसतच नाहीत. यावर एखाद्या काउंटीपुरतं काम झालं तरी ते मोलाचं ठरेल.

१४. सरकारी ऑफिस माहिती देत नाही. मी तर नागरिकही नाही. काय करता येईल?

आपला माहिती अधिकार कायदा नागरिकांपुरता आहे. अमेरिकेचा केंद्रीय माहिती कायदा आणि कॅलिफोर्नियाचा सार्वजनिक नोंदी कायदा कोणत्याही व्यक्तीला अर्ज करू देतात. कारण सांगायचीही गरज नाही. नेमकी नोंद मागा: "२०२३ मध्ये स्पॅनिशमधून आलेल्या तक्रारींची यादी, तारखेसह" असं. "सगळी माहिती द्या" म्हटलं की महिने जातात.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे बैठकीला जाऊन बसणं. कॅलिफोर्नियात १९५३ च्या ब्राउन कायद्यामुळे सिटी कौन्सिल, स्कूल बोर्ड यांच्या नियमित बैठकांची विषयपत्रिका ७२ तास आधी जाहीर करावी लागते. कोणीही जाऊन बसू शकतं, बोलू शकतं, आणि बोलण्यासाठी नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. एका संध्याकाळी किती लोक स्पॅनिशमध्ये बोलले, भाषांतर होतं का, भाषांतराचा वेळ त्यांच्या दोन मिनिटांतून कापला का, एवढं लिहून घेतलं तरी प्रपोजलचं पहिलं पान तयार होतं.

१५. बीडच्या ऊसतोड कामगारांशी तुलना करायची आहे. हे अनुदान चालेल का?

कल्पना चांगली आहे. उचल देऊन कोयत्याला बांधून घेणारा मुकादम आणि शेतमालक व मजूर यांच्यामध्ये उभा असलेला कॅलिफोर्नियातला लेबर कॉन्ट्रॅक्टर, दोघांमुळे खरा मालक जबाबदारीतून सुटतो. हंगामी शेतमजुरांच्या एच-२ए व्हिसावर येणाऱ्या मजुरांकडून भरतीसाठी पैसे घ्यायला बंदी आहे, तरी गावाकडे कर्ज काढून आलेले मजूर भेटतात. उचल कशी फिटते हे ज्याने केज-धारूरकडे जवळून पाहिलंय, त्याला इथे काय विचारायचं ते कळतं.

पण लॅटिनो अभ्यास केंद्राचा पैसा भारतातल्या फील्डवर्कला बहुधा मिळणार नाही. अमेरिकेतला भाग या अनुदानावर करा आणि महाराष्ट्रातल्या भागासाठी प्रश्न ३ मधल्या वेनर-ग्रेनसारखा, देशाची अट नसलेला निधी शोधा. प्रपोजलमध्ये तुलनेला एक परिच्छेद पुरे.

१६. प्युर्टो रिको किंवा मेक्सिकोत फील्डवर्क करायचं तर व्हिसाचं काय?

प्युर्टो रिको अमेरिकेचाच भाग आहे, मुख्य भूमीवरून थेट विमान घेतलं तर तो देशांतर्गत प्रवास. वाटेत डॉमिनिकन रिपब्लिकला उतरलात तर मात्र देश सोडल्यासारखं होतं. मेक्सिकोसाठी आय-२० वर (विद्यापीठाने विद्यार्थी व्हिसासाठी दिलेल्या फॉर्मवर) प्रवासाची ताजी सही आणि परत येण्याजोगा व्हिसा आहे ना, हे निघण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ऑफिसात दाखवून घ्या. सीमेलगतच्या काउंटीत काम करताना स्वतःची कागदपत्रं जवळ ठेवा. रस्त्यांवर सीमा गस्ती दलाची (बॉर्डर पेट्रोल) नाकी असतात. तुमच्या गाडीत कोण बसलंय याची जबाबदारी त्या वेळी तुमच्यावर येते.

१७. या पैशांवर टॅक्स लागतो का?

पावत्या देऊन परत मिळालेल्या खर्चावर बहुधा लागत नाही. एकरकमी हातात मिळालेल्या आणि प्रवास-राहण्यावर खर्च झालेल्या रकमेवर लागू शकतो, आणि एफ-१ विद्यार्थ्यांच्या बाबतीत विद्यापीठ त्यातून १४ टक्के आधीच कापून घेतं. वर्ष संपल्यावर या रकमेचा आणि कापलेल्या टॅक्सचा फॉर्म १०४२-एस येतो. भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, त्यामुळे कापलेल्यातलं बरंच काही परत मिळू शकतं. बजेट करतानाच विचारा: पैसे कोणत्या मार्गाने येणार?

१८. एकाच कामासाठी दोन अनुदानं घेतली तर चालतं का?

चालतं, एकाच खर्चासाठी दोनदा घेतलं नाही तर. दोन्ही अर्जांत दुसऱ्याचा उल्लेख करा.

१९. अनुदान मिळालं आणि मध्येच धोरणच बदललं तर?

असं घडतंच. कॅलिफोर्नियाने मेडी-कॅल हा आरोग्य विमा इमिग्रेशन दर्जा न पाहता टप्प्याटप्प्याने सर्व वयांच्या गरिबांना खुला केला, जानेवारी २०२४ मध्ये शेवटचा गट आला, आणि जानेवारी २०२६ पासून कागदपत्रं नसलेल्या प्रौढांची नवी नोंदणी थांबवली. यावर काम करणाऱ्यांचा प्रश्न एका अर्थसंकल्पाने बदलून गेला.

घाबरून विषय टाकू नका. बदलाच्या आधी गोळा केलेली माहिती नंतर कोणालाच मिळवता येत नाही, म्हणून ती आता जास्त मोलाची आहे. अनुदान देणाऱ्यांना एका पानाचं पत्र लिहून नवा प्रश्न सांगा, आयआरबीकडे दुरुस्ती पाठवा, आणि उत्तर येईपर्यंत नवे प्रश्न विचारू नका.

२०. केंद्र सरकारचा निधी मध्येच रद्द झाला तर माझं काय?

एप्रिल २०२५ मध्ये एनएसएफने विविधता-समावेशाशी संबंधित ठरवून शेकडो चालू अनुदानं रद्द केली, त्यामुळे ही भीती रास्त आहे. गाईडच्या केंद्रीय अनुदानावर तुमचं सगळं काम उभं असेल तर विद्यापीठाचा किंवा खाजगी फाउंडेशनचा एक छोटा निधी सोबत असू द्या. ज्या सहभागींना मानधन कबूल केलंय, त्यांचे पैसे सगळ्यात आधी चुकते करा.

२१. नकार आला. पुन्हा त्याच ठिकाणी अर्ज करू का?

करा. परीक्षकांचे शेरे मागा, बहुतेक ठिकाणी ते मिळतात. पुढच्या अर्जात काय बदललं ते दोन ओळींत सांगा. प्रश्न ६ पुन्हा वाचून ऑफिसचं नाव आलंय का ते तपासा.

२२. माझे निष्कर्ष त्याच समाजाविरुद्ध वापरले गेले तर?

१९९४ मध्ये कॅलिफोर्नियात कागदपत्रं नसलेल्यांना शाळा, दवाखाना अशा सरकारी सेवा नाकारणारं प्रपोझिशन १८७ मतदानाला आलं, तेव्हा "स्थलांतरितांचा राज्याला खर्च किती" हे आकडे दोन्ही बाजूंनी फेकले जात होते. मतदारांनी ते मंजूर केलं, कोर्टाने त्याचा बहुतेक भाग अडवला. आकडा कोणाच्या हातात जाईल यावर संशोधकाचा ताबा नसतो, पण तो कसा मांडला जातो यावर असतो.

गैरसोयीचा निष्कर्ष लपवू नका, तसं केलं तर पुढच्या विद्यार्थ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. मात्र तो एकटा सोडू नका. दवाखान्याच्या वेळा चुकवणारे रुग्ण जास्त आढळले, तर दवाखाना संध्याकाळी पाचला बंद होतो आणि शेतातली बस सहाला येते, हेही त्याच वाक्यात आलं पाहिजे. छापण्याआधी मसुद्याचा स्पॅनिश सारांश त्या वस्तीतल्या संस्थेला वाचायला द्या आणि त्यांच्या हरकती नोंदवून उत्तर द्या. याला तीन-चार आठवडे लागतात. वेळापत्रकात ते आधीच धरा.